मोजे का घसरतात? अर्थात, दोन इंचांच्या पट्टीची गोष्ट

मित्रांनो, 'फ्लॅश' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? कॅमेऱ्याचा फ्लॅश, नाहीतर पेन ड्राईव्हमधली फ्लॅश मेमरी. यंदाच्या गॅदरिंगपर्यंत मलाही हेच दोन माहीत होते. तिसरा फ्लॅश मोज्याला लागतो, आणि तो नीट निवडला नाही तर भर स्टेजवर आपली शोभा होते, हे ज्ञान मला बरंच महागात पडलं. ते तुम्हाला फुकट मिळावं म्हणून हा लेखप्रपंच!

झालं असं, की गॅदरिंगच्या 'देशोदेशीचे पोशाख' या आयटमसाठी चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या मजल्याला जपान आलं, दुसऱ्याला राजस्थान (तो देश कसा, हे विचारू नका!) आणि आमच्या तिसऱ्या मजल्याला स्कॉटलंड. म्हणजे किल्ट. म्हणजे चौकटीच्या कापडाचा, मागे चुण्या असलेला, गुडघ्यापर्यंतचा घोळ. आम्ही सहा जण तयार झालो. शाळेच्या गणवेशाचं चौकटीचं कापड ठरवलं आणि टेलरकाकांकडे गेलो. अस्सल किल्टला आठ वार म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास कापड लागतं, असं मी वाचून गेलो होतो. ते सांगितल्यावर काका टेप गळ्यात टाकून म्हणाले, "आठ वार? मंग एक वार अजून घे अन् नऊवारीच नेस ना भाऊ!" शेवटी चुण्या कमी करून प्रत्येकी साडेतीन मीटरमध्ये काम भागवलं. किल्ट झकास झाले.

घोळ झाला तो गुडघ्याखाली.

आधी शंकानिरसन : हा फ्लॅश म्हणजे नेमकं काय?

किल्टवर गुडघ्याच्या थोडे खाली येतील असे लांब, जाड मोजे घालतात. हे मोजे वर टिकावेत म्हणून पोटरीच्या वर एक पट्टा बांधतात, तो गार्टर. मोज्याचा वरचा भाग त्या पट्ट्यावरून खाली दुमडतात, म्हणजे पट्टा झाकला जातो. मात्र पट्ट्याला शिवलेल्या रंगीत फितीची एक किंवा दोन टोकं त्या दुमडीखालून बाहेर डोकावतात. ही टोकं म्हणजे फ्लॅश. दिसायला जेमतेम दोन इंच. पूर्वी शिवलेली फीत नसायची, लांब विणलेली पट्टीच पायाभोवती गुंडाळून तिची खास गाठ मारत आणि गाठीची टोकं लोंबत. आजचे फ्लॅश हे त्या गाठीचं सुटसुटीत रूप आहे.

हा प्रकार फक्त तिकडचाच आहे असं समजू नका. बेडन-पॉवेलच्या स्काऊट गणवेशातही मोज्याच्या गार्टरला हिरव्या पट्ट्या असत. आपल्या फौजेतही हाफ पँट आणि होजटॉपच्या जमान्यात या पट्ट्या होत्या. होजटॉप म्हणजे तळवा नसलेला मोजा. या फौजेच्या गोष्टीकडे मी परत येणार आहे, कारण खरा धडा मला तिथेच मिळाला.

पहिली रंगीत तालीम : मोजे खाली!

पहिल्या तालमीला आम्ही गार्टर वगैरे काही लावलं नव्हतं. फुटबॉलचे पांढरे मोजे घातले आणि त्यात लाल रिबनचे तुकडे खोचले. चार पावलं चाललो आणि बारापैकी नऊ मोजे घोट्यावर. रिबनी स्टेजवर पडल्या. समोर बसलेल्या दुसऱ्या मजल्याच्या पोरांनी जे ओरडून घेतलं, ते मासिकात छापण्यासारखं नाही.

मी टेक्स्टाईलचा विद्यार्थी. कापसाच्या जिल्ह्यात राहून मोजा का घसरतो हे सांगता येऊ नये, ही लाजच! म्हणून विचार सुरू केला. सुती धागा मुळात फार ताणत नाही. मोजा ताणतो तो विणीमुळे. निटिंगमध्ये धाग्याचे फासे असतात, ते सरळ होतात आणि परत येतात. वरच्या काठाला उभ्या रेघांची रिब वीण असते, ती जास्त ताणते. शिवाय आत रबर किंवा स्पॅन्डेक्सचा धागा घालतात. पण धुलाई, घाम आणि उन्हात वाळवणं यांनी तो धागा दमतो. हॉस्टेलच्या बादलीत सर्फमध्ये दोन-दोन दिवस भिजलेल्या मोज्याकडून काय अपेक्षा करणार? चालताना पोटरी प्रत्येक पावलाला फुगते आणि आकसते, आणि तेवढा तेवढा मोजा खाली सरकतो. म्हणजे गार्टर हवाच.

दुसरी तालीम : मोजे वर, पण पाय बधिर!

दुसऱ्या दिवशी मी हुशारी केली. दत्त चौकातून पायजम्यात घालतात ते बारीक इलास्टिक आणलं आणि चांगलं करकचून बांधलं. मोजे जागचे हलले नाहीत. मी खूष! अर्धा-पाऊण तास तालीम चालली. खाली उतरताना डावा पाऊल पायरीला अडकला आणि मी धाडकन पडलो. पावलाचा वरचा भाग बधिर झाला होता आणि अंगठा वर उचलावा म्हटलं तर नीट उचलेना. खरं सांगतो, घाबरलो. इलास्टिक कापून काढलं. पायावर जांभळा वळ होता. तासाभराने पाय पूर्ववत झाला, पण ती रात्र काही झोप लागली नाही.

नंतर डॉक्टरांना दाखवलं तेव्हा कारण कळलं. तुम्हीही हात लावून बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचा एक गोल उंचवटा लागतो. त्याच्या लगेच खाली एक मज्जातंतू हाडाला वळसा घालून अगदी कातडीजवळून जातो. डॉक्टर त्याला पेरोनियल नर्व्ह म्हणतात. पाऊल वर उचलण्याचं काम त्याच्याकडे आणि पावलाच्या वरच्या भागाची संवेदनाही त्याच्याकडे. माझं इलास्टिक नेमकं त्याच्यावर बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तासाभरात परत आलं म्हणून ठीक. रात्रभर बांधून झोपला असतास तर महिनोन् महिने पाय ओढत चालला असतास."

आबांची ट्रंक

रविवारी मी आईच्या माहेरी गेलो, दारव्ह्याजवळच्या गावी. आईचे वडील, म्हणजे आमचे आबा, त्रेसष्ट साली फौजेत भरती झाले आणि पलटणीच्या पाईप बँडमध्ये होते. बॅगपाईप हे वाद्य स्कॉटिश अधिकाऱ्यांमुळे आपल्याकडे आलं आणि इथेच मुरलं. २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं, त्यात पाईप बँड तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील. बेळगावला केंद्र असलेल्या आपल्या मराठा लाईट इन्फंट्रीचाही पाईप बँड आहे. मात्र आपल्याकडे बहुतेक पाईप बँडचे जवान किल्ट घालत नाहीत. पँट, बुटांवर पांढरे गेटर आणि खांद्यावर चौकटीचं प्लेड, असा थाट असतो.

आबांनी माझ्या पायाचा वळ पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "हे काय करून राहिला बे? पायाले नाडा कायले बांधला?"

मी सगळं सांगितलं. ते काही न बोलता आत गेले आणि पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढली. डांबरगोळ्यांचा वास आला. जुन्या होजटॉपच्या घडीत दोन पट्टे होते, जवळजवळ दोन बोटं रुंद, आणि त्यांना दोन रंगांच्या फिती शिवलेल्या. रंग उडालेले, पण कडा अजून सरळ. मी म्हटलं, "आबा, हेच द्या ना मला. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"नाही देत," आबा म्हणाले. रागाने नाही, साधंच. "हे माह्या पलटणीचे रंग हायेत. लढाईत बँडवाले बाजा ठेवतात अन् स्ट्रेचर उचलतात, माहीत हाय तुले? एकाहत्तरले या रंगातले पोरं आम्ही उचलून आणले. हे नाटकात घालाचं नसते, बापू. तू तुह्या किल्टचा रंग पाय अन् त्यातला घे."

मी गप्प बसलो. फॅशन शोसाठी आपण काय मागितलं, हे तेव्हा लक्षात आलं. मग आबांनीच विषय बदलला. माझा पाय मांडीवर घेतला आणि पट्टा कुठे, कसा बांधायचा ते दाखवलं. पुढचे नियम अर्धे आबांचे आणि अर्धे आमच्या लॅबचे आहेत.

नियम १ : जागा

गुडघ्याची वाटी संपते तिथून चार बोटं खाली मोज्याचा वरचा काठ यावा. पट्टा बाहेरच्या त्या हाडाच्या उंचवट्यापासून निदान दोन बोटं खाली, पण पोटरीच्या सर्वांत जाड भागाच्या वर असावा. यामागे साधी भूमिती आहे. माझ्या पायाचा घेर पट्ट्याच्या जागी ३४ सेंमी आहे आणि पोटरीच्या फुगवट्यावर ३७ सेंमी. पट्ट्याला खाली घसरायचं तर आधी ३ सेंमीने ताणावं लागेल. म्हणजे निसर्गानेच स्पीडब्रेकर दिला आहे. तो सोडून खाली फुगवट्यावर पट्टा बांधला, तर पुढे घोट्यापर्यंत उतारच उतार!

नियम २ : रुंदी (हा सर्वांत महत्त्वाचा)

सोमवारी लॅबमध्ये स्प्रिंग बॅलन्सला इलास्टिक लावून पाहिलं. मी बांधलं होतं त्याला साधारण अर्ध्या किलोचा ताण होता, म्हणजे ४.९ न्यूटन. आता आपण सगळ्यांनी घोकलेलं सूत्र आठवा. गोल वस्तूभोवती पट्टा बांधला तर दाब = ताण ÷ (त्रिज्या × पट्ट्याची रुंदी). पायाची त्रिज्या ५.४ सेंमी धरा.

पायजम्याचं इलास्टिक ६ मिमी रुंद. दाब येतो १५,००० पास्कलच्या वर, म्हणजे पाऱ्याचे सुमारे ११३ मिमी. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात तेव्हा वरचा आकडा १२० च्या आसपास असतो. म्हणजे मी पायाला जवळजवळ बीपीचं मशीन फुगवून नाचत होतो! त्याच ताणाचं इलास्टिक २५ मिमी रुंद घेतलं तर दाब सुमारे २७ मिमीवर येतो. ताण अर्ध्या किलोऐवजी तीनशे ग्रॅमवर आणला तर फक्त १६ मिमी. मोजा एवढ्यात आरामात टिकतो.

थोडक्यात, घट्टपणा वाढवू नका, रुंदी वाढवा. आबांच्या पट्ट्याची दोन बोटं रुंदी उगाच नव्हती. सूत्र न शिकताही कोणीतरी ते बरोबर शिवलं होतं.

नियम ३ : इलास्टिकची परीक्षा

दुकानात इलास्टिक घेताना एक वीत तुकडा दीडपट ताणा, दहापर्यंत मोजा आणि सोडा. परत एक वीतच भरला तर घ्या. लांब राहिला तर ते आधीच दमलेलं आहे. कापताना पायाच्या घेरापेक्षा ३-४ सेंमी कमी ठेवा आणि टोकांना वेल्क्रो लावा, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या पायाप्रमाणे बसवता येतं. गाठ मारू नका, गाठीखाली पाय टोचतो. बांधल्यावर पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे, आणि दहा मिनिटांनी पायाची बोटं हलवून बघायची. मुंग्या आल्या तर ताबडतोब सैल करा. "चालते बे, दहा मिन्टाचं काम हाय" असं म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका. तो मित्र मीच होतो.

नियम ४ : रंग

आता गंमतीचा भाग. किल्टच्या चौकटीत एक मुख्य रंग असतो, त्याला छेदणारे एकदोन पट्टे असतात आणि बहुतेकदा एखादी बारीक रेघ असते. आमच्या कापडात गडद निळा आणि हिरवा मुख्य, मध्ये लाल पट्टा आणि पिवळी बारीक रेघ. फ्लॅशला मुख्य रंग घेतला तर तो मोज्यापेक्षा वेगळा दिसतो, पण किल्टचाच उरलेला तुकडा वाटतो. छेदणाऱ्या पट्ट्याचा किंवा बारीक रेघेचा रंग घेतला तर वरची नजर अलगद खाली येते. आपल्याकडे साडीच्या काठातला रंग धरून ब्लाऊज घेतात, अगदी तसंच. हे मला आईने फोनवर तीस सेकंदांत सांगितलं, मी आपला दोन तास विचार करत बसलो होतो.

आम्ही पिवळा, लाल आणि हिरवा असे तीन नमुने करून रात्री स्टेजच्या दिव्यांखाली पाहिले. पिवळ्या दिव्यात गडद हिरवा काळा दिसतो आणि पिवळा फिकटतो. साय रंगाच्या मोज्यावर लाल उठून दिसला. लाल हा फ्लॅशचा नेहमीचा, बिनधोक रंग आहे, हे नंतर वाचलं. किल्टच्याच चौकटीचे फ्लॅशही करतात, पण मोजा एकरंगी असेल तरच ते शोभतात.

आणि आबांचा नियम विसरू नका. कोणत्या पलटणीचे, संस्थेचे ठरलेले रंग उचलू नका. यालाही इतिहास आहे. १७४६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने स्कॉटलंडच्या डोंगरी भागातल्या लोकांना त्यांचा पोशाख घालायला कायद्याने बंदी केली. ती १७८२ मध्ये उठली. या छत्तीस वर्षांत सूट होती ती सैन्याला. म्हणजे ज्या काळात सामान्य माणसाला किल्ट घालणं गुन्हा होता, त्या काळात तो टिकला पलटणींमध्ये. त्या पोशाखात एवढी शिस्त आणि ठरलेल्या रंगांचा एवढा मान का, हे यावरून समजतं.

नियम ५ : फीत आणि तिचं टोक

कटलरीच्या दुकानात वेणीची चकचकीत रिबन मिळते. ती घसरते आणि लोळागोळा होते. त्याऐवजी आडव्या उंच धाग्यांची जाड फीत मागा, ती सरळ लोंबते. रुंदी एक इंच. दुमडीखालून दीड ते दोन इंच दिसेल एवढीच ठेवा. आमच्यातल्या एकाने चार इंच ठेवली होती, तर ती बक्षिसाच्या बैलाची झूल दिसायला लागली. टोक तिरकं कापा किंवा इंग्रजी व्ही आकारात. फीत नायलॉनची किंवा पॉलिस्टरची असेल तर कापलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झटकन फिरवा, धागे वितळून बंद होतात. सुती फितीवर हा प्रयोग करू नका, ती पेटते! तिची कड दुमडून शिवा.

फ्लॅश पायाच्या बाहेरच्या बाजूला, किंचित पुढे नडगीकडे येतो. दोन्ही पायांचे आरशातल्यासारखे, एका उंचीवर. हे स्वतःचं स्वतःला दिसत नाही, म्हणून समोरच्याने बघून सांगायचं.

आणि गॅदरिंगचा दिवस

बारा पट्टे रात्री दोनपर्यंत मेसच्या टेबलावर शिवले. सुया कमी, बोटं जास्त टोचली. इलास्टिक, फीत आणि वेल्क्रो मिळून एका जोडीला चाळीस रुपयांच्या आत खर्च आला.

संध्याकाळी हॉलमध्ये पाहतो तर तिसऱ्या रांगेत आबा! पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाल्यापासून आबांचा यवतमाळचा दौरा वाढलाच आहे, पण हे अनपेक्षित होतं. मामा त्यांना घेऊन आले होते. आमचा नंबर लागला. सहा जण एका रांगेत चालत आलो, थांबलो, वळलो, परत गेलो. बारा मोजे, बारा जागी. पहिलं बक्षीस जपानने नेलं, ते सोडा.

कार्यक्रम संपल्यावर मी पाया पडायला वाकलो तर आबा आधी माझ्याच पायांकडे वाकून बघत होते. डाव्या पायाचा फ्लॅश त्यांनी बोटभर पुढे सरकवला आणि म्हणाले, "आता बरोबर. पाय बधिर तं नाही झाला?"

मी अंगठा हलवून दाखवला.

तर मंडळी, पुढच्या वर्षी चिठ्ठीत स्कॉटलंड कोणालाही येवो. तिसऱ्या मजल्यावर, माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, खाऊच्या डब्यात बारा पट्टे ठेवले आहेत. घेऊन जा. पण इलास्टिक आधी ताणून बघा, आणि परत करताना धुऊन द्या... सर्फमध्ये दोन दिवस भिजवून नको!

— तृतीय वर्ष, वस्त्र अभियांत्रिकी